निसर्गाचा शेजार आणि दोन घरें

एखादें घर निसर्गाशीं एकरूप झालें आहे, ही स्तुति अलीकडे फार स्वस्त झाली आहे. डोंगराच्या उतारावर चार भिंती उभ्या केल्या, त्यांना मातकट रंग दिला आणि समोर मोठी कांच बसविली, कीं स्तुतिपाठक हा शब्द वापरावयास मोकळे होतात. परंतु एकरूप होणें म्हणजे नेमकें काय, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे ह्या स्तुतींत फारसा अर्थ उरत नाहीं. घर ही मुळांतच निसर्गापासून घेतलेली फारकत आहे. ऊन, पाऊस, वारा आणि श्वापदें ह्यांपासून आडोसा हवा, म्हणूनच मनुष्यानें पहिलें छप्पर घातलें. जें घर निसर्गाशीं खरोखर एकरूप होईल, त्याची एक तर गुहा होईल, नाहीं तर पडका वाडा होईल. तेव्हां वास्तुशिल्प्यापुढें जो खरा प्रश्न असतो, तो एकरूपतेचा नसून शेजाराचा असतो. शेजारी म्हणून राहतांना आपण कोठें नमावें, कोठें ताठ उभें राहावें, आणि शेजाऱ्याच्या स्वभावाची ओळख किती करून घ्यावी, हा तो प्रश्न होय.

विसाव्या शतकांतील नव्या वास्तुकलेनें हा प्रश्न अधिक बिकट करून ठेविला. जुन्या घराला त्याच्या साहित्यानेंच मर्यादा घातलेली असे. दगडी भिंत जाड, म्हणून खिडकी लहान. लाकडाची तुळई लांबीला अपुरी, म्हणून खोली अरुंद. काँक्रीट, पोलाद आणि कांच ह्या त्रयीनें हीं बंधनें सैल केलीं. छप्पर तोलण्याच्या कामांतून भिंत सुटली, म्हणून ती सबंध कांचेची करतां येऊं लागली. आणि घराची जमीन खालीं टेकू न देतां सज्जासारखी हवेंत पुढें काढतां येऊं लागली. जेथें पूर्वीं घर बांधणें अशक्य होतें, तेथें तें शक्य झालें. पण शक्य झालेली प्रत्येक गोष्ट योग्य असतेच असें नाहीं. आणि योग्यायोग्यतेचा निर्णय, जो पूर्वीं दगड आणि लाकूड परस्पर करीत, तो आतां मनुष्यावर येऊन पडला.

हा निर्णय कोणी कसा केला, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील दोन प्रसिद्ध घरें आम्हीं येथें घेतलीं आहेत. दोन्ही सुखवस्तु माणसांनीं सुट्टीचे दिवस काढण्यासाठीं बांधविलेलीं. दोन्ही पाण्याच्या अगदीं लगत. आणि दोहोंच्या पूर्ततेंत अवघें चौदा वर्षांचें अंतर. इतकें साम्य असूनही त्यांची वृत्ति परस्परांहून अगदीं भिन्न आहे, आणि म्हणूनच तीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत.

पेन्सिल्व्हेनिया संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांत बेअर रन नांवाचा एक ओढा रानांतून उतरतो. त्याच्या कांठची जमीन पूर्वीं पिट्सबर्ग शहरांतील कॉफमन ह्यांच्या भव्य दुकानांतील नोकरवर्गाचें उन्हाळ्यांतील विश्रांतिस्थान होती. दिवसभर गिऱ्हाइकांपुढें उभीं राहणारीं माणसें सुट्टींत तेथें येत. १९३३ मध्यें ही जमीन दुकानाचे मालक एडगर कॉफमन ह्यांच्या घराण्याकडे आली, आणि तेथें आपल्यासाठीं एक घर बांधावें असें त्यांनीं ठरविलें. त्यांचा मुलगा १९३४ मध्यें फ्रँक लॉइड राइट ह्या वास्तुशिल्प्याच्या आश्रमवजा शाळेंत शिकावयास राहिला होता. त्या ओळखीनें काम राइट ह्यांच्याकडे गेलें. राइट तेव्हां ६७ वर्षांचे होते. मंदीच्या त्या काळांत त्यांच्या हातीं कामें थोडीं होतीं, आणि तरुण मंडळी त्यांना मागच्या पिढींतील एक थोर पुरुष समजून बाजूला सारूं लागली होती.

डिसेंबर १९३४ मध्यें राइट ह्यांनीं ती जागा पाहिली आणि प्रत्येक मोठा धोंडा व प्रत्येक मोठें झाड दाखविणारा नकाशा मागविला. त्यानंतर कित्येक महिने त्यांनीं कागदावर रेघ ओढल्याचें दिसत नाहीं. सप्टेंबर १९३५ मध्यें कॉफमन स्वतः काम पाहावयास येत आहेत असें कळतांच राइट ह्यांनीं दोन-तीन तासांत सबंध आराखडा काढून दिला, अशी हकीकत त्यांच्या शिष्यांनीं सांगितली आहे. ही गोष्ट प्रतिभेचा चमत्कार म्हणून वारंवार सांगितली जाते. परंतु ज्यानें नऊ महिने एका ओढ्याचें चिंतन केलें, त्याला दोन तासांत रेघा ओढतां आल्या, ह्यांत चमत्कार कोणता? चमत्कार असेलच, तर तो नऊ महिने हात आवरून धरण्यांत आहे.

कॉफमन कुटुंबाची कल्पना अशी होती कीं, घर ओढ्याच्या खालच्या अंगाला असावें आणि त्यांतून धबधबा समोर दिसावा. राइट ह्यांनीं घर नेऊन ठेविलें तें धबधब्याच्या माथ्यावर! ह्या एका निर्णयांत सर्व कांहीं आलें. बैठकीच्या दालनांत बसलेल्या माणसाला धबधबा दिसत नाहीं. तो ऐकूं येतो. दिवाणखान्यांतील चित्राप्रमाणें त्याच्याकडे पाहून पाठ फिरवावी, ही सोय मालकाला ठेविलेली नाहीं. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. म्हणून पावसाळी दिवसांतील त्याची गर्जना आणि कोरड्या दिवसांतील त्याची कुजबुज ही घरांतील माणसांच्या झोपेंत, जेवणांत आणि बोलण्यांत मिसळून जाते. देखावा आणि सहवास ह्यांतील भेद ह्याहून स्पष्ट करून दाखविणारी दुसरी वास्तु आम्हांस ठाऊक नाहीं.

फॉलिंगवॉटर ह्या नांवानें प्रसिद्ध असलेलें हें घर रानांत मिसळून गेलें आहे असें जें म्हणतात, तें मात्र अर्धेंच खरें आहे. त्याच्या उभ्या भिंती त्याच जमिनींतून काढलेल्या दगडांच्या आहेत, आणि त्यांचे थर मुद्दाम कमीअधिक पुढें काढून रचलेले आहेत. त्यामुळें त्या ओढ्याच्या कांठच्या खडकांच्या जातभाई वाटतात. पण त्या भिंतींतून बाहेर झेपावणाऱ्या काँक्रीटच्या फिकट पिवळसर गच्च्या कोणत्याही खडकासारख्या नाहींत. त्या गुळगुळीत आहेत, सरळ आहेत आणि उघडउघड मानवनिर्मित आहेत. खडक जसे एकावर एक पुढें आलेले आहेत, तशाच त्या एकीवर एक पुढें आलेल्या आहेत, एवढेंच त्यांचें नातें. राइट ह्यांनीं खडकाचें रूप उचललें नाहीं. त्याची लय उचलली. नक्कल करणारा शेजारी आणि सुरांत सूर मिळविणारा शेजारी ह्यांत जें अंतर आहे, तें येथें दिसतें.

आंतील व्यवस्थाही ह्याच वृत्तीची आहे. मागच्या बाजूनें, अरुंद दारानें आपण आंत शिरतों. छत बेताच्या उंचीचें आहे, त्यामुळें दृष्टि वर न जातां आडवी धावते आणि खिडक्यांतून रानांत जाऊन पोंचते. कांहीं कोपऱ्यांतील दोन तावदानें उघडलीं कीं तेथें कोपराच उरत नाहीं. कांच जेथें दगडी भिंतीला मिळते, तेथें चौकट नाहीं. दगडांत खांच घेऊन ती सरळ आंत बसविली आहे. शेकोटीपाशीं मूळचीच एक शिळा जमिनींतून वर आलेली आहे. ती न फोडतां तिच्याभोंवतीं फरशी बसविली. फरशीला मेण लावून तकाकी आणली आहे आणि शिळा कोरडी ठेविली आहे, म्हणजे वाहत्या पाण्यांतून खडकाचा माथा वर यावा तसा भास होतो. दालनांतून एक जिना थेट ओढ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. मागील वाटेवरच्या तुळया झाड आडवें आलें तेथें त्याला वळसा घालून पुढें जातात. हें सर्व वाचून कोणाला तें हौशी खेळासारखें वाटेल. पण ह्या प्रत्येक युक्तीमागें एकच शिस्त आहे, कीं आधीं येथें जें होतें, त्याचा मान पहिला.

येथवर आम्हीं स्तुति केली. आतां दुसरी बाजू मांडणें प्राप्त आहे. ज्या गच्च्यांनीं ह्या घराला कीर्ति दिली, त्याच त्याचें मोठें दुखणें ठरल्या. बांधकाम चालू असतांना कॉफमन ह्यांच्या सल्लागार इंजिनियरांना मुख्य तुळयांतील सळया अपुऱ्या वाटल्या, आणि राइट ह्यांना न विचारतां त्यांत लोखंड वाढविण्यांत आलें. राइट ह्यांना कळलें तेव्हां ते संतापले. पुढें सेंटरिंग काढतांच गच्ची खालीं वाकली, आणि वर्षानुवर्षें ती थोडीथोडी वाकतच राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा झोळ कांहीं ठिकाणीं सात इंचांवर गेला होता. पुढें काढलेला भाग सुमारें पंधरा फुटांचा आहे हें लक्षांत घेतलें, म्हणजे सात इंचांची भयानकता कळेल. १९९७ मध्यें खालीं ओढ्यांत तात्पुरते टेकू द्यावे लागले. नंतर झालेल्या तपासणींत असें दिसून आलें कीं, ज्या जादा लोखंडावर राइट रागावले, तेंही अपुरेंच होतें; तें नसतें तर काय झालें असतें, हें सांगावयास नकोच. अखेर २००२ मध्यें दालनाच्या फरशीचे दगड क्रमांक घालून उचलले, खालील तुळयांच्या बाजूंना पोलादी दोर घालून ते ताणले, आणि फरशी पुन्हा होती तशी बसविली. आज पाहणाऱ्याला ह्यांतील कांहीं दिसत नाहीं. शिवाय घर गळत असे आणि दमट राहत असे. खर्चाचा मूळ अंदाज पस्तीस हजार डॉलरच्या आसपास होता, तो पाहुण्यांचें घर १९३९ मध्यें पुरें होईपर्यंत दीड लाखावर गेला.

ह्या दोषांकडे प्रतिभावंताची बेफिकिरी म्हणून कौतुकानें पाहण्याची प्रथा आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. गुरुत्वाकर्षण हाही निसर्गच आहे. ज्या पुरुषानें झाडाचा आणि धोंड्याचा मान राखला, त्यानेंच वजनाचा मान राखला नाहीं, आणि ज्यांनीं त्याला आठवण करून दिली त्यांच्यावर तो रागावला. शेजारधर्माच्या दृष्टीनें ही मोठीच उणीव होय.

दुसरें घर इलिनॉय संस्थानांत, शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारें साठ मैलांवर, प्लेनो गांवाजवळ फॉक्स नदीच्या कांठीं आहे. एडिथ फार्न्सवर्थ ह्या शिकागोंतील नामांकित डॉक्टरीणबाई. एकट्याच राहणाऱ्या, संगीत आणि काव्य ह्यांची आवड असलेल्या ह्या बाईंनीं आठवड्याच्या धकाधकींतून विसावा मिळावा म्हणून हें घर सांगितलें. वास्तुशिल्पी होते जर्मनीहून अमेरिकेंत आलेले लुडविग मीस व्हान डेर रोहे. १९४५ मध्यें दोघांची ओळख झाली आणि १९५१ मध्यें घर पुरें झालें.

पोलादाचे आठ पांढरे खांब. त्यांच्यामध्यें, जमिनीपासून पांच फूट तीन इंच उंचीवर, धरलेला एक तक्ता म्हणजे घराची जमीन. आणि वर तसाच दुसरा तक्ता म्हणजे छप्पर. मध्यें चारही बाजूंनीं कांच. आंत स्नानगृह, स्वयंपाकाची जागा आणि शेकोटी ह्यांना पोटांत घेणारा लाकडी गाभारा. बाकी सर्व मोकळें. इतकेंच तें घर. ह्या रचनेंत वजनाचा हिशेब चोख आहे. येथें कांहीं वाकलें नाहीं, लवलें नाहीं. प्रमाणबद्धतेंत तर त्याला तोड सांपडणें कठीण. हिंवाळ्यांत बर्फ पडलेलें असतांना किंवा शरदांत पानें तांबडीं झालीं असतां हें पांढरें घर जमिनीवर अधांतरीं तरंगतांना पाहून कोणाही रसिकाचें मन निवेल. आणि न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, जमिनीला आठच ठिकाणीं स्पर्श करणाऱ्या ह्या घरानें त्या माळाला राइट ह्यांच्या दगडी भिंतींहून कमी त्रास दिला. शेजारीं मेपलचा एक मोठा वृक्ष होता, त्याची सावली घरावर पडावी अशी जागा मीस ह्यांनीं हेरली होती. ते निसर्गाकडे पाठ फिरवून बसले होते, असें म्हणतां येणार नाहीं.

परंतु त्यांनीं निसर्ग पाहिला तो कांचेआडून. मोकळ्या हवेसाठीं एक दार आणि पूर्वेकडे दोन लहान झडपा, एवढीच वाट ठेविली. उन्हाळ्यांत तें कांचेचें घर तापे, हिंवाळ्यांत कांचांवर आंतून पाणी धरे. नदीकांठचे डांस मीस ह्यांच्या आराखड्यांत नव्हते. ते आले, तेव्हां ओसरीला जाळी बसवावी लागली. पुढच्या मालकानें घराचें शुद्ध रूप परत आणण्यासाठीं ती काढून टाकली, ही गोष्टही बोलकी आहे. बाई आणि वास्तुशिल्पी ह्यांचें खर्चावरून बिनसलें, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९५३ मध्यें निकाल मीस ह्यांच्या बाजूनें लागला. कायद्यानें ते जिंकले ह्यांत शंका नाहीं. पण ज्या घरांत एकट्या राहणाऱ्या स्त्रीला सर्व बाजूंनीं उघडें बसावें लागतें, त्या घरानें तिचा विचार केला होता काय, हा प्रश्न न्यायालयापुढें नव्हता; तो वास्तुकलेपुढें अजून आहे.

आणि नदी? मीस ह्यांना पुराची कल्पना होती, म्हणूनच त्यांनीं घर उचलून धरलें. पण नदी हिशेबाबाहेर गेली. १९५४ मध्येंच पाणी घराच्या जमिनीवर कित्येक फूट चढलें. १९९६ मध्यें तें कांच फोडून आंत आलें. २००८ मध्यें पुन्हा शिरलें. वरच्या अंगाला शिकागोच्या उपनगरांची वस्ती वाढली, पाणी मुरावयाची जमीन झांकली गेली आणि पूर चढत गेले, असें त्याचें कारण दिलें जातें. अलीकडे तर पुराच्या वेळीं सबंध घर यंत्रानें वर उचलावें, अशीही योजना पुढें आली होती. ज्या घराचें सर्व सौंदर्य जमिनीपासून पांच फुटांवर स्थिर राहण्यांत आहे, त्याला पाण्यापासून वांचविण्यासाठीं वर उचलावें लागावें, किंवा जागेवरून हलवावें लागावें, ह्यांत त्याच्या मूळ कल्पनेचीच कसोटी झाली.

आमच्या मतें ह्या दोन घरांच्या दोषांतील भेद येथेंच आहे. राइट ह्यांनीं जागा ओळखली, वजन ओळखलें नाहीं. मीस ह्यांनीं वजन ओळखलें, पण नदी ओळखली नाहीं आणि माणूसही ओळखलें नाहीं. पहिली चूक लोखंडाच्या हिशेबांतील होती. म्हणून साठ-पासष्ट वर्षांनीं कां होईना, घराचें रूप तिळभरही न बदलतां ती दुरुस्त झाली. दुसरी चूक कल्पनेंतच होती. म्हणून ती दुरुस्त करूं गेलें, कीं घरच बदलावें लागतें. कलाकृतीच्या परीक्षणांत ही कसोटी बरीच उपयोगी पडण्यासारखी आहे. ज्या दोषाला काढूनही कृति तीच राहते, तो दोष अंगावरचा. आणि जो काढतांच कृति नाहींशी होते, तो दोष हाडामांसाचा.

कोणी म्हणेल कीं, मीस ह्यांच्या घरांत निसर्ग अधिक दिसतो. चारही बाजूंनीं दिसतो. हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दिसणें ही शेजाराची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. रस्त्यापलीकडच्या घरांतील माणसें आपल्याला रोज दिसतात. तेवढ्यानें तीं आपलीं होत नाहींत. त्यांचा आवाज, त्यांची सवय, त्यांचा राग आणि त्यांची अडचण आपल्या दिवसांत येऊन मिळते, तेव्हां शेजार सुरू होतो. फॉलिंगवॉटर ह्या अर्थानें ओढ्याचें शेजारी आहे. फार्न्सवर्थबाईंचें घर नदीचें प्रेक्षक आहे, आणि नदीला प्रेक्षक ओळखूं येत नाहींत.

शेवटीं एक गोष्ट दोन्ही घरांना सारखीच लागू आहे. दोन्ही घरांत आज कोणी राहत नाहीं. कॉफमन ह्यांच्या मुलानें १९६३ मध्यें फॉलिंगवॉटर आणि भोंवतालचें रान एका निसर्गरक्षक संस्थेच्या स्वाधीन केलें, आणि पुढच्या वर्षापासून तें सर्वांना खुलें झालें. २०१९ मध्यें त्याची गणना जागतिक वारशांत झाली. फार्न्सवर्थबाईंनीं घराजवळून नवा रस्ता आणि पूल आल्यावर तें विकलें, आणि त्या इटलींत जाऊन राहिल्या. २००३ मध्यें तें लिलांवांत ७५ लाख डॉलरला विकत घेऊन वारसा जपणाऱ्या संस्थांनीं जनतेसाठीं राखलें, आणि २०२१ पासून त्याला त्या बाईंचें संपूर्ण नांव देण्यांत आलें. हा उशिरा झालेला न्याय म्हणावयाचा.

बेअर रनच्या बाबतींत तर हें वर्तुळ पुरें झालें. जो धबधबा एकेकाळीं दुकानांतील नोकरांच्या सुट्टीचा होता, तो एका कुटुंबाचा झाला, आणि तीस वर्षांनीं पुन्हा वाटेल त्याचा झाला. मधल्या काळांत तेथें एक घर उभें राहिलें. तें नसतें तर त्या रानाचें काय झालें असतें हें कोणी सांगावें? एवढें मात्र खरें कीं, तें पाहावयास गेलेला मनुष्य परत येतांना घराची आठवण जितकी आणतो, तितकीच त्या पाण्याच्या आवाजाचीही आणतो. निसर्गाच्या शेजारीं राहणाऱ्या घराला ह्याहून चांगलें प्रशस्तिपत्र मिळणें कठीण आहे.